पाव टनी लष्करी ट्रेलर: आधी क्रमांक वाचावेत, मग सुटे भाग शोधावेत

जीपमागे जोडला जाणारा दोन चाकांचा पाव टनी ट्रेलर दिसायला इतका साधा असतो की, तो दारात येताच तारेचा ब्रश घेऊन गंज खरवडायला बसावे असे वाटते. एक पत्र्याची पेटी, खाली चौकट, एक धुरा, दोन पाटे आणि पुढे ओढण्याची कडी, एवढाच त्याचा संसार. इंजिन नाही, गिअर नाही, मग अडणार काय, असा विचार मनात येतो आणि तिथेच पैसे वाया जायला सुरुवात होते. जवळपास सारखे दिसणारे हे ट्रेलर वेगवेगळ्या कारखान्यांनी आणि वेगवेगळ्या दशकांत बनवले असून त्यांचे सगळे भाग एकमेकांना चालत नाहीत. मी स्वतः पहिल्या ट्रेलरसाठी ‘जीप ट्रेलरचे पाटे’ एवढ्याच वर्णनावर विश्वास ठेवून जोडी मागवली होती. पाटे उत्तम होते, पण मधल्या बोल्टपासून टोकापर्यंतचे अंतर जुळेना, आणि परत पाठवण्याचा खर्च पाट्यांच्या किमतीच्या जवळ गेला. तेव्हापासून माझा नियम असा की, ट्रेलर कोणता आहे हे कागदावर लिहून होईपर्यंत एक वॉशरसुद्धा मागवायचा नाही.

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैन्याचे पाव टनी ट्रेलर मुख्यतः दोन कंपन्यांचे आहेत: विलीजचा एमबीटी आणि बँटमचा टी-३. सैन्याच्या सुट्या भागांच्या यादीत दोघांचा गट एकच, जी-५२९, आणि जीपचा गट जी-५०३. जुन्या मालाच्या विक्रेत्यांशी बोलताना हे दोन आकडे तोंडपाठ असले की निम्मे गैरसमज टळतात. बँटमची गोष्ट थोडी कडवट आहे. पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील या छोट्या कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये जीपचा पहिला नमुना सैन्याच्या हवाली केला, मात्र मोठी मागणी विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेली व बँटमच्या वाट्याला ट्रेलर आले. युद्धानंतर तिनेच टी-३सी ही नागरी आवृत्ती विकली. तिच्या मागच्या बाजूला उघडणारे फाळके असते, लष्करी ट्रेलरला ते नसते. कारण लष्करी पेटी पाण्यावर तरंगावी म्हणून चारही बाजूंनी बंद ठेवलेली होती. म्हणून फाळक्याचा ट्रेलर ‘महायुद्धातला’ म्हणून विकला जात असेल, तर तो टी-३सी आहे की कोणा शेतकऱ्याने लष्करी पेटीचा मागचा पत्रा कापून बिजागऱ्या लावल्या आहेत, हे कापलेल्या कडा आणि वेल्डिंग पाहून ठरवावे. दुसऱ्या प्रकारात पत्राकाम वाढते, हे किंमत ठरवताना धरून चालावे.

युद्धोत्तर काळात एम-३८ मालिकेच्या जीपसोबत एम-१०० आला आणि पुढे एम-१५१ या जीपसोबत एम-४१६ आला. एम-४१६ ची मडगार्डे वरून सपाट असतात, आधीच्या ट्रेलरांची गोलाईची असतात. लांबून ओळखायला ही खूण सगळ्यात सोपी. महायुद्धातील विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची आणि टायर ६.००-१६ मापाचे, युद्धोत्तर ट्रेलरांची व्यवस्था २४ व्होल्टची आणि टायर ७.००-१६ मापाचे. अर्थात सत्तर-ऐंशी वर्षांत कोणी काय बदलले असेल याचा नेम नसल्यामुळे टायरवरून मॉडेल ठरवणे म्हणजे चपलेवरून माणूस ओळखण्यासारखे आहे.

पाटी, चौकट आणि रंगाचे थर

खात्रीचा पुरावा दोनच ठिकाणी मिळतो: माहितीपाटीवर आणि चौकटीवर ठोकलेल्या क्रमांकात. पाटीवर तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर कधीही चालवू नये, कारण उठावाची अक्षरे काही मिनिटांत सपाट होतात. रंग काढण्याचे द्रावण कापसाच्या बोळ्याने लावावे, थर फुगला की लाकडी काडीने सोलावा, आणि त्यानंतर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवावी. डोळ्यांना न दिसणारे आकडे कागदावर उमटतात. चौकटीवरच्या क्रमांकासाठी विजेरी जवळजवळ पत्र्याला टेकवून तिरप्या उजेडात पाहावे. पाटी नसेल तर नवी पाटी मिळते, पण तिच्यावर दुसऱ्या ट्रेलरचा क्रमांक ठोकू नये. चौकटीचा क्रमांक आणि मालकीचा कागद यांत तफावत आढळली की नोंदणी अडते आणि मग कोणाचेही स्पष्टीकरण कामी येत नाही. अमेरिकेतून सरकारी लिलावाने बाहेर पडलेल्या ट्रेलरच्या मालकीसाठी एसएफ-९७ नावाचा सरकारी दाखला दिला जात असे. ट्रेलरसोबत तो मिळत असेल तर तो पत्र्यापेक्षाही जपून ठेवावा.

आता रंगाकडे पाहावे, आणि तेही सगळा रंग उडवण्यापूर्वी. जिथे क्रमांक किंवा चिन्हे असण्याची शक्यता आहे अशा जागी तळहाताएवढा भाग ४०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने, हात हलका ठेवून, मधून कडेकडे घासावा. झाडाच्या खोडातील वलयांसारखे थर उघडे पडतात: वरचा हौशी मालकाचा चकचकीत हिरवा, त्याखाली कदाचित एखाद्या अग्निशमन दलाचा लाल, मग सैन्याचा मळकट ऑलिव्ह आणि तळाशी तांबडा प्रायमर. ऑलिव्हच्या थरावर पांढरा किंवा निळसर ठिपका दिसला की तिथेच थांबावे आणि त्या ठिपक्याच्या दिशेने अंगठ्याच्या रुंदीने पुढे सरकावे. युद्धाच्या सुरुवातीला नोंदणीक्रमांक ‘ब्लू ड्रॅब’ या निळसर रंगात असत, पुढे ते पांढऱ्यात आले. ट्रेलरांच्या क्रमांकाची सुरुवात ० ने होत असे. असा क्रमांक सापडला तर त्यावर पारदर्शक कागद ठेवून अक्षरांची उंची आणि जागा जशीच्या तशी उतरवून घ्यावी. या कामाला एक संध्याकाळ जाते आणि ती मला संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत आनंदाची वाटते.

हे घासकाम कोरडे करू नये. जुन्या रंगात शिसे असते, नंतरच्या लष्करी रंगप्रणालींच्या प्रायमरमध्ये क्रोमेटही असू शकते, त्यामुळे ओले घासावे, चांगल्या प्रतीचा कणरोधक मुखवटा लावावा आणि खरवड गोळा करून वेगळी टाकावी. ब्रेक ड्रम उघडताना हीच काळजी दुपटीने घ्यावी, कारण त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवण्याची गॅरेजमधली सवय इथे पूर्ण बंद ठेवून ओल्या फडक्याने ती पुसून काढावी.

सुटे करताना

चाके काढण्यापूर्वी स्टडच्या टोकाकडे पाहावे. त्या काळच्या अनेक लष्करी वाहनांत डाव्या बाजूच्या चाकांना डाव्या आट्याचे नट असत आणि स्टडवर ‘एल’ हे अक्षर ठोकलेले असे. ते न पाहता पान्याला लांब नळी लावून जोर करणारा माणूस नट सैल करण्याऐवजी आवळत राहतो आणि अखेर स्टड तोडतो. दुसरी गोष्ट जिवावरची आहे. महायुद्धकालीन ‘कॉम्बॅट’ रिम दोन तुकड्यांची असून बोल्टांनी जोडलेली असते. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सैल केले तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा उडतो. म्हणून आधी व्हॉल्व्हची सुई पूर्ण बाहेर काढावी, टायर हाताने दाबून रिकामा असल्याची खात्री करावी आणि मगच रिमच्या नटांना पाना लावावा.

अडकलेल्या नटांसाठी भेदक तेल आणि धीर हे दोन्ही हवेत. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल सोडावे, नटाच्या कडांवर हातोडीचे हलके ठोके द्यावेत, तरीही न सुटल्यास नट गरम करून सांध्यावर मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते. सुटलेला प्रत्येक भाग, मग तो पूर्ण सडलेला असला तरी, चिठ्ठी बांधून ठेवावा. नवीन भाग येऊन बसेपर्यंत जुना भाग म्हणजेच तुमचे माप असते, ही गोष्ट भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी आठवावी.

चौकट मोकळी झाली की कर्ण मोजावेत. दोन्ही कर्णांत लक्षणीय फरक असेल तर ट्रेलर कधीतरी उलटला किंवा अडकवून ओढला गेला आहे असे समजावे आणि पत्र्याआधी चौकट सरळ करून घ्यावी. ओढण्याची झिजलेली कडी वेल्डिंगने भरून काढण्याचा मोह टाळावा. कडीच्या आतल्या बाजूला, जिथे हुक घासतो, तिथली जाडी कॅलिपरने मोजून न झिजलेल्या बाजूच्या जाडीशी ताडून पाहावी आणि भेगा दाखवणारे रंगीत द्रावण फवारावे. भेग दिसली तर कडी बदलण्याखेरीज मार्ग नाही. रस्त्यावर मागे येणाऱ्या माणसाचा जीव त्या एका कडीवर अवलंबून असतो.

भाग कसे शोधावेत

इथे खरा वेळ जातो आणि इथेच क्रमांकांची भाषा शिकल्याचे चीज होते. युद्धोत्तर अमेरिकी लष्करी भागांना ११ अंकी फेडरल स्टॉक नंबर असे. १९७४ मध्ये त्याच्या जागी १३ अंकी राष्ट्रीय स्टॉक नंबर आला. बदल अगदी साधा होता: पहिल्या चार अंकांनंतर देशाचे दोन अंक घातले गेले आणि अमेरिकेच्या जुन्या क्रमांकांसाठी ते ०० होते. म्हणजे १९६० च्या दशकातील पुस्तकात मिळालेल्या क्रमांकाच्या चौथ्या अंकानंतर ०० घातले की तोच भाग आजच्या याद्यांत शोधता येतो. कित्येक जण जुना क्रमांक तसाच टाकून ‘भाग मिळत नाही’ म्हणून हात टेकतात. पहिले चार अंक भागाचा वर्ग सांगतात: २३३० म्हणजे ट्रेलर, २५१० म्हणजे चौकट व बॉडीचे भाग, २५३० म्हणजे ब्रेक, धुरा आणि चाके, २६१० म्हणजे टायर-ट्यूब, ३११० म्हणजे बेअरिंग, ६२२० म्हणजे वाहनांचे दिवे. विक्रेत्याने ‘ट्रेलरचा ब्रेक’ म्हणून सांगितलेल्या डब्यावर ६२२० ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर पुढे बोलायची गरज उरत नाही.

क्रमांक मिळवायचे ते सैन्याच्या तांत्रिक पुस्तिकांतून. त्यांच्या नावात ‘टीएम’ असते आणि युद्धोत्तर ट्रेलरांच्या पुस्तिकांचे क्रमांक बहुधा ९-२३३० ने सुरू होतात. शेवटी ‘पी’ असलेली पुस्तिका सुट्या भागांची असते. तिच्यात सुट्या केलेल्या भागांची चित्रे आणि प्रत्येकाचा क्रमांक मिळतो. विक्रेत्याला फोटो पाठवण्याऐवजी चित्राचा आणि भागाचा क्रमांक पाठवला तर उत्तर लवकर येते, शिवाय समोरच्याला कळते की हा गिऱ्हाईक अभ्यास करून आला आहे.

बाजारात भाग तीन प्रकारे मिळतात. पहिला प्रकार म्हणजे कधीही न वापरलेला जुना साठा. डब्यावरच्या चिठ्ठीवर क्रमांक, कंत्राट आणि वेष्टन केल्याचा महिना-वर्ष छापलेले असते. धातूच्या भागांसाठी हा साठा उत्तम. मेणकागदात गुंडाळलेले बेअरिंग पन्नास वर्षांनंतरही लखलखीत निघते, फक्त त्यावरचे संरक्षक ग्रीस वाळून मेणासारखे झालेले असल्यामुळे ते रॉकेलने पूर्ण धुऊन नवे ग्रीस भरावे लागते. रबराच्या बाबतीत मात्र ‘न वापरलेले’ या शब्दाला भुलू नये. जुने ऑइल सील, धक्काशोषकांची बुशे आणि टायर डब्यात असतानाच म्हातारे होतात. खोल नक्षीचा, दिसायला नवा कोरा असा टायर ट्रेलरवर चढवला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याची बाजू फाटली, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

दुसरा प्रकार नव्याने बनवलेल्या नकलांचा. मडगार्ड, तळाचे पत्रे, ताडपत्री, दिवे, पाट्या हे सगळे बनते, पण गुणवत्ता खालीवर असते. मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडून दोन छिद्रांमधले अंतर आणि पत्र्याची जाडी मोजून मागावी आणि ती आपल्याकडच्या जुन्या भागाशी ताडावी. माप द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून काही घेऊ नये.

तिसरा प्रकार सर्वांत दुर्लक्षित आहे: जो भाग लष्करी वाटतो पण मुळात औद्योगिक बाजारातलाच असतो. महायुद्धातील जीपच्या चाकांच्या हबमध्ये टिमकेन कंपनीचे १८५९० आणि १८५२० या क्रमांकांचे कोन-कप (बेअरिंगचा आतला आणि बाहेरचा भाग) असतात आणि ते आजही बेअरिंगच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळतात. ट्रेलरच्या बेअरिंगच्या कडेवरही असाच क्रमांक कोरलेला असतो; तो वाचून थेट बेअरिंगवाल्याकडे गेले तर ‘दुर्मीळ लष्करी भाग’ या नावाने लावलेली किंमत वाचते. ऑइल सील शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या तीन मापांवर मिळतो. पाटे मूळ वळणानुसार नव्याने बनवून देणारे कारागीर असतात, त्यासाठी तुटलेला का होईना, जुना पाटा नमुना म्हणून हवा.

ज्या गोष्टी कुठेच मिळत नाहीत त्या माणसांकडे मिळतात. १९७६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील मिलिटरी व्हेईकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन आणि तिच्यासारख्या इतर देशांतील संस्थांच्या मेळाव्यांत लोक भाग मांडून बसतात. तिथे आपली गरज आणि आपल्याकडचे जादा भाग यांची एक छापील यादी खिशात असावी, कारण बहुतेक चांगले सौदे पैशांपेक्षा अदलाबदलीने होतात. कधीकधी एक पूर्ण सडलेला दुसरा ट्रेलर विकत घेणे सगळे छोटे भाग वेगवेगळे मागवण्यापेक्षा स्वस्त पडते, विशेषतः पाटे, धुरा आणि टेकू यांसारख्या वजनदार भागांचे वाहतूकभाडे जोडल्यावर.

पत्रा, पाणी आणि रंग

चौकट, धुरा आणि रिम वाळूच्या माऱ्याने साफ करायला हरकत नाही, पण पेटीच्या सपाट पत्र्यांवर तोच मारा जवळून केला तर पत्रा लाटांसारखा वाकतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही. लहान भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेने गंज उतरवण्याची पद्धत उत्तम: चार्जरची ऋण तार भागाला, धन तार साध्या लोखंडाच्या पट्टीला. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते; आणि काम उघड्यावर करावे, कारण हायड्रोजन वायू निघतो. सडलेला पत्रा चांगल्या धातूपर्यंत कापून नवा तुकडा बसवावा. वेल्डिंगचे टाके एका बाजूने सलग न देता दूरदूर टाकत जावे आणि प्रत्येक टाका हाताला गार लागल्याशिवाय शेजारचा टाकू नये.

पेटी पूर्ण झाल्यावर, रंगाआधी, ती पाण्याने तपासावी. तळाची बुचे नव्या वॉशरसह घट्ट बसवावीत, चौकटीखाली घोड्या लावाव्यात आणि पाणी सोडावे. मात्र किती, याचा हिशेब आधी करावा. पाव टन म्हणजे ५०० पौंड, साधारण २२७ किलो. तळ १.८ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असेल तर अवघ्या १० सेंटिमीटर पाण्याचे वजन १८० किलो होते. काठोकाठ भरून पाहण्याच्या हौसेत वजनाने पाटे दबून गेलेले ट्रेलर मी पाहिले आहेत. खालून कोरड्या खडूची रेघ प्रत्येक सांध्यावर ओढून ठेवली तर झिरपणारी जागा गडद होऊन लगेच दिसते.

रंगाची छटा काळानुसार निवडावी. महायुद्धासाठी निस्तेज ऑलिव्ह ड्रॅब, ज्याची जवळची नोंद फेडरल स्टँडर्ड ५९५ या अमेरिकी सरकारी रंगयादीत ३३०७० या क्रमांकाखाली मिळते. नंतरच्या दशकांतील अर्धचमकदार हिरव्यासाठी २४०८७. क्रमांकाचा पहिला अंक चमक दाखवतो, २ म्हणजे अर्धचमकदार आणि ३ म्हणजे निस्तेज.

विजेच्या कामात युद्धोत्तर ट्रेलरच्या तारांवर बारीक धातूची पट्टी असते आणि तिच्यावर क्रमांक: ९० म्हणजे अर्थ, २१ म्हणजे मागचा नेहमीचा दिवा, २४ म्हणजे अंधारबंदीतला, शत्रूला दिसू नये म्हणून मंद ठेवलेला दिवा. तारा बदलताना या पट्ट्या नव्या तारांवर चढवाव्यात. १२ व्होल्टच्या गाडीमागे ट्रेलर ओढायचा असेल तर युद्धोत्तर दिव्यांत फक्त बल्ब बदलावेत, २४ व्होल्टच्या १६८३ ऐवजी १२ व्होल्टचा ११५६. काचांना हात लावू नये. अंधारबंदीच्या मागच्या दिव्याच्या छोट्या खिडक्या सैनिकांना अंतर कळावे म्हणून आखलेल्या होत्या: मागच्या चालकाला ६० फुटांच्या आत दोन जोड्या दिसत, ६० ते १८० फुटांत एक जोडी आणि त्यापलीकडे एकच ठिपका. रस्त्यावर नेण्यासाठी नेहमीचे दिवे आणि परावर्तक मात्र आपल्याकडच्या नियमांनुसार असावेत, अंधारबंदीचे दिवे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

शेवटी बेअरिंग बसवताना चाक फिरवत नट आवळावा, चाक जड लागू लागले की किंचित सैल करावा आणि कुलपाचा वॉशर दुमडावा. चाक वरखाली हलवून पाहिल्यावर खडखड जाणवू नये. या ट्रेलरला चालताना लावायचा ब्रेक नसतो, फक्त उभा असताना लावायचा हातब्रेक असतो, त्यामुळे ओढणाऱ्या गाडीचे ब्रेक आणि तुमचा वेग यांवरच भिस्त ठेवावी लागते. पहिल्या फेरीत सुरक्षासाखळ्या कडीखालून एकमेकींना छेदून लावाव्यात, १० किलोमीटरवर थांबून दोन्ही हबना हात लावून पाहावा, एक दुसऱ्यापेक्षा गरम असेल तर तिथला नट पुन्हा जुळवावा, आणि चाकांचे नट पुन्हा एकदा आवळावेत. घरी परतल्यावर ट्रेलर किंचित तिरका उभा करून तळाची बुचे काढून ठेवावीत, म्हणजे पावसाचे पाणी पेटीत साचून राहणार नाही.